धगधगत्या डोंगराला एकट्याने प्रदक्षिणा

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर रुआपेहू नावाचा २,७९७ मीटर उंचीचा जागृत ज्वालामुखी आहे. त्याच्या पूर्व अंगाने फांगाएहू ही नदी उतरते. पायवाट या नदीजवळ आली की इशाऱ्याच्या पाट्या लागतात. पुढचा पट्टा धोक्याचा आहे, मध्ये कुठेही थांबू नका. वरून गडगडाट ऐकू आला तर पात्राकडे जाऊ नका, आधीच आत असाल तर ताबडतोब उंचावर चढा. आभाळ स्वच्छ असतं, डोंगर गप्प असतो, आणि थकलेल्या माणसाला नेमकं तिथेच पाठीवरचं ओझं उतरवून दोन घोट पाणी प्यावंसं वाटतं.

ही पाटी खरं तर नदीबद्दल बोलत नाही. ती तिथून हजारभर मीटर वर असलेल्या एका तळ्याबद्दल बोलते. रुआपेहूच्या मुखात सुमारे एक कोटी घनमीटर आम्लधर्मी पाणी साठलेलं आहे. हे पाणी कधी निसटलं, किंवा खालच्या स्फोटाने उसळून बाहेर पडलं, तर उतारावरची राख, दगडगोटे आणि बर्फ ओढून घेत ते लोंढ्याच्या रूपाने दऱ्यांतून धावतं. अशा लोंढ्याला जगभर ‘लाहार’ म्हणतात. मूळ शब्द जावा बेटाचा. ओल्या काँक्रीटइतका दाट असूनही तो पाण्याच्या वेगाने पळतो आणि घराएवढे धोंडे वाहून नेतो.

रुआपेहूभोवती सुमारे ६६ किलोमीटरची वाट आहे. तिला ‘राउंड द माउंटन’ म्हणतात. साधारण चार ते सहा दिवस लागतात. उत्तरेकडच्या फाकापापा गावातून निघून पूर्वेला वळलं, की डोंगर उजव्या हाताला राहतो आणि आपल्या पद्धतीची प्रदक्षिणा घडते. मुक्कामाला ‘हट’ असतात. वाइहोहोनू, रांगिपो, मांगाएहुएहू, मांगातुरुतुरू, फाकापापाइती अशी त्यांची नावं. शेजारच्या तोंगारिरो क्रॉसिंगच्या एका दिवसाच्या वाटेवर माणसांची रांग लागते. इथे मात्र दिवसच्या दिवस कुणी भेटत नाही. एकट्याने चालणाऱ्यांना ही वाट ओढून घेते ती त्यामुळेच.

जागृत ज्वालामुखीभोवती एकट्याने चालावं का, असं विचारलं की उत्तर देणारा सहसा धैर्याबद्दल बोलू लागतो. मला तो मुद्दा गैरलागू वाटतो. डोंगर कधी जागा होईल यावर कुणाचीच सत्ता नाही, चौघांची नाही आणि एकट्याचीही नाही. चालणाऱ्याच्या हातात असते ती एकच गोष्ट: कुठल्या जागी किती वेळ घालवायचा. सोंडेवर बसून तासभर जेवलात तर फारसं बिघडत नाही. दरीच्या तळाशी घालवलेली दहा मिनिटं फार महाग पडू शकतात. या डोंगराचा गेल्या शतकातला इतिहास वाचला तर हे पानोपानी दिसतं.

१९४५ साली रुआपेहूच्या मुखात लाव्हाचा घुमट वर आला आणि त्याने तळं रिकामं केलं. उद्रेक शमल्यावर तळं पुन्हा भरू लागलं, पण पाणी जिथून बाहेर पडायचं तिथे आता राखेचा आणि सुट्या दगडांचा बांध तयार झाला होता. पाणी त्याच्यामागे आठ वर्षं चढत राहिलं. २४ डिसेंबर १९५३ च्या संध्याकाळी बांध फुटला. त्या वेळी उद्रेक नव्हता, भूकंप नव्हता, धूरही नव्हता. लोंढा फांगाएहूच्या पात्रातून चाळीसेक किलोमीटर खाली आला आणि तांगिवाई इथल्या रेल्वेच्या पुलाचे खांब त्याने हलवले. थोड्याच वेळात, रात्री १० वाजून २१ मिनिटांनी, वेलिंग्टनहून ऑकलंडकडे निघालेली रात्रीची एक्स्प्रेस त्या पुलावर आली. नाताळची सुट्टी, गाडीत २८५ माणसं. सिरिल एलिस नावाचा टपाल खात्यातला कारकून नदीच्या काठी पोचला होता. तो हातातला टॉर्च हलवत रुळांवरून गाडीच्या दिशेने धावला. ड्रायव्हरने ब्रेक लावले, पण वेळ उरली नव्हती. इंजीन आणि पुढचे डबे पात्रात कोसळले. १५१ माणसं गेली.

क्रिकेटवर प्रेम करणाऱ्या मराठी वाचकांपैकी काहींनी या रात्रीबद्दल वेगळ्या वाटेने ऐकलं असेल. न्यूझीलंडचा संघ तेव्हा जोहान्सबर्गला कसोटी खेळत होता. संघातला तरुण गोलंदाज बॉब ब्लेअर याची वाग्दत्त वधू त्या गाडीत होती. तिच्या मृत्यूची बातमी आली तेव्हा तो हॉटेलवर थांबला आणि तो खेळणार नाही असं सगळ्यांनी धरलं. २६ डिसेंबरला नववा गडी बाद झाला, खेळाडू मैदान सोडू लागले, आणि ब्लेअर बॅट घेऊन बाहेर आला. समोर डोक्याला पट्टी बांधलेला बर्ट सटक्लिफ होता, त्याला त्याच डावात चेंडू लागून रुग्णालयात न्यावं लागलं होतं. दोघांनी शेवटच्या गड्यासाठी ३३ धावा जोडल्या, सटक्लिफ ८० धावांवर नाबाद राहिला. त्या दिवशी मैदानावर जे दुःख उभं होतं, त्याची सुरुवात हजारो किलोमीटर दूर, एका मुखतळ्याच्या काठावरच्या सैल राखेत झाली होती.

१९९५ आणि १९९६ च्या उद्रेकांनी हाच प्रसंग पुन्हा उभा केला. तळं रिकामं झालं, काठावर राखेचा सुमारे सात मीटरचा नवा थर बसला, पाणी पुन्हा चढू लागलं. या वेळी मात्र सगळ्यांना पुढचं ठाऊक होतं. यंत्रं लावून शिखरावरचा बांध आधीच कापावा का, यावर कित्येक वर्षं वाद चालला. काही अभियंते हो म्हणत होते. आपले पूर्वज या पर्वतात आहेत असं मानणाऱ्या स्थानिक माओरींचा शिखराला हात लावायला विरोध होता, आणि शिखरावर काम करणं हे स्वतःच जोखमीचं होतं. शेवटी बांध तसाच ठेवायचा आणि दरीत पहारा बसवायचा असं ठरलं. जमिनीची कंपनं टिपणारी यंत्रं, पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं, तांगिवाईच्या रस्त्यावर आपोआप बंद होणारी फाटकं, रेल्वेला थांबण्याचा इशारा. १८ मार्च २००७ ला, रविवारी सकाळी अकराच्या सुमारास बांध फुटला. लोंढा सुमारे दोन तासांत तांगिवाईला पोचला. फाटकं बंद होती, गाड्या थांबलेल्या होत्या. एकही माणूस दगावला नाही. आपत्ती व्यवस्थापनाच्या इतिहासात मला ही फार मोठी गोष्ट वाटते. डोंगर होता तसा राहू दिला, आणि माणसांना त्याच्या वाटेतून वेळेवर बाजूला केलं.

पण रस्त्याला फाटक असतं, तसं पायवाटेला नसतं. तांगिवाईला लोंढा दोन तासांनी पोचला. वर, जिथे वाट फांगाएहू ओलांडते, तिथे हाताशी मिनिटं असतात. म्हणून इथे सोबत असण्या-नसण्याने खरा फरक पडतो. दोघं असतील तर एक पात्रात उतरतो, दुसरा काठावर उभा राहून ऐकतो. एकट्याला हे दोन्ही स्वतःच करायचं असतं, एकामागून एक. आधी काठावर, उंचावर थांबायचं. वाऱ्याचा आवाज वेगळा काढायचा, पाण्याचा वेगळा, आणि त्यापलीकडे काही घरघर आहे का ते ऐकायचं. बूट आवळायचे, बाटली भरलेली आहे ना ते बघायचं, पट्टे घट्ट करायचे. मग कानातली गाणी काढून, फोटो न काढता, एका दमात पलीकडच्या उंचीवर जायचं. फांगाएहूचं पाणी भरण्याचा मोह तर अजिबात नको. ते मुखातल्या तळ्यातूनच येतं, त्यात गंधकाची आम्लं असतात, आणि ते पिण्याजोगं नाही.

सह्याद्रीत फिरणाऱ्याला इथे एक गोष्ट ओळखीची वाटेल आणि एक परकी. आपला काळा कातळही लाव्हाचाच आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पण तो बेसॉल्ट पातळ होता, भेगांमधून बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. म्हणून आपल्या डोंगरांना सपाट माथे आणि पायऱ्यांसारखे कडे आहेत. रुआपेहूचा खडक अँडेसाइट जातीचा. पॅसिफिक महासागराचं भूपट्ट या बेटाखाली घुसतं, त्यातलं पाणी खोल प्रावरणात सुटतं, आणि त्यामुळे तिथला खडक वितळतो. असा शिलारस चिकट आणि वायूंनी भरलेला असतो. वायू सहजासहजी सुटत नाही, अडकून राहतो, आणि सुटतो तेव्हा खडकाचे तुकडे करून सुटतो. राखेचे आणि लाव्हाचे थर आलटून पालटून साचून हा शंकू उभा राहिलेला आहे. पायाखाली त्यामुळे ठाम कातळ कमी आणि घसारा जास्त. पूर्वेकडचं रांगिपो वाळवंट तर बघताना फसवं वाटतं. पाऊस तिथे बऱ्यापैकी पडतो. तरी झाडं तग धरत नाहीत, कारण सैल राखेची जमीन आणि सतत वाहणारा वारा त्यांना रुजू देत नाही.

शिलारस वर आला तरच उद्रेक होतो, अशी आपली समजूत असते. चालणाऱ्यांसाठी सगळ्यात घातक ठरलेले उद्रेक मात्र वाफेचे आहेत. ज्वालामुखीच्या पोटात तापलेलं पाणी दाबाखाली द्रवच राहतं. वरच्या खडकातली बुजलेली चीर अचानक उघडली, दाब उतरला, की त्याची क्षणात वाफ होते. साध्या हवेच्या दाबाला पाण्याची वाफ झाली की तिचा आकार सुमारे १,७०० पट होतो. शिलारस वर सरकताना जमीन फुगते, कंपनं दिवसेंदिवस वाढतात, शास्त्रज्ञांना सावध व्हायला सवड मिळते. वाफेचा स्फोट बरेचदा एवढी सवड देत नाही.

२५ सप्टेंबर २००७ च्या रात्री, साडेआठच्या सुमारास, रुआपेहूने असाच स्फोट केला. शिखराजवळच्या निवाऱ्यात दोन गिर्यारोहक मुक्कामाला होते. दगड आणि चिखल आत घुसला, त्यातल्या एकाचा पाय चिरडला आणि पुढे कापावा लागला. दुसरा अंधारात बर्फावरून मदत आणायला उतरला, म्हणून पहिला वाचला. एकट्याने जाण्याच्या विरोधात याहून मोठा पुरावा मला माहीत नाही, आणि शिखरावर रात्र काढण्याच्या विरोधातही. ते दोघं बेसावध नव्हते. ते फक्त अशा जागी होते जिथे डोंगराने काही करायचं ठरवलं तर हलायला वेळ मिळत नाही, आणि तिथे ते रात्रभर राहणार होते.

शेजारच्या तोंगारिरोचं उदाहरण उलट बाजूचं. ६ ऑगस्ट २०१२ ला मध्यरात्रीच्या सुमारास तिथल्या ते मारी मुखाचा स्फोट झाला. शतकाहून जास्त काळ तोंगारिरो शांत होता. उडालेले दगड केतेताही हटचं छप्पर फोडून आत शिरले. हिवाळ्याची रात्र होती आणि हट रिकामा होता. त्यानंतर तिथे रात्रीचा मुक्काम पुन्हा सुरू झाला नाही. नोव्हेंबरमध्ये त्याच मुखाचा दुसरा स्फोट भर दुपारी झाला. वाटेवर शाळकरी मुलांसह बरीच माणसं होती, पण ती मुखापासून दूर होती आणि सगळी सुखरूप खाली आली.

आणि मग जपानमधला ओंताके. २७ सप्टेंबर २०१४, शनिवार, पानगळीच्या रंगांचा हंगाम, ऊन पडलेलं. दुपारी ११ वाजून ५२ मिनिटांनी वाफेचा उद्रेक झाला तेव्हा शेकडो लोक शिखरावर आणि आसपास होते, कित्येक जण जेवायला बसलेले. डोंगराचं सलग कंपन यंत्रांवर उमटू लागलं ते उद्रेकाच्या जेमतेम अकरा मिनिटं आधी. ६३ माणसं मृत किंवा बेपत्ता झाली. त्या सकाळी ओंताकेचा इशारा सगळ्यात खालच्या, पहिल्या पातळीवर होता आणि त्या पातळीचं अधिकृत नाव ‘सामान्य’ असं होतं. पुढे जपानने ते बदलून ‘हा जागृत ज्वालामुखी आहे हे ध्यानात ठेवा’ अशा अर्थाचे शब्द घातले. तो बदल मला फार योग्य वाटतो.

न्यूझीलंडमध्ये इशाऱ्याच्या पातळ्या शून्य ते पाच आहेत. शून्य म्हणजे हालचाल नाही, एक आणि दोन म्हणजे अस्वस्थता, तीनपासून पुढे प्रत्यक्ष उद्रेक. रुआपेहू बहुतेक वेळा एकवर असतो. मार्च २०२२ मध्ये तळ्याचं तापमान आणि कंपनं वाढली तेव्हा तो दोनवर गेला आणि जुलैमध्ये परत एकवर आला. ही पातळी डोंगर आता काय करतो आहे ते सांगते. उद्या काय होईल ते ती सांगत नाही. न्यूझीलंडच्याच फाकारी या ज्वालामुखी बेटावर ९ डिसेंबर २०१९ ला ४७ माणसं होती, पातळी दोन होती, सोबत वाटाडे होते. दुपारी स्फोट झाला आणि २२ जण मरण पावले. सोबत असणं तिथे कामी आलं नाही, कारण सगळेच मुखाच्या तळाशी उभे होते.

मग या ६६ किलोमीटरांवर एकट्याने काय जाणून जावं? पहिलं म्हणजे नकाशावर नद्या बघाव्यात. पूर्वेला फांगाएहू, नैर्ऋत्येला मांगातुरुतुरू, वायव्येला फाकापापाइती. शिखरावरून निघालेलं पाणी याच दऱ्यांनी खाली येऊ शकतं. नकाशावर या पट्ट्यांना पेन्सिलीने खुणा करा आणि त्या दिवसाच्या चालीत हे पट्टे कुठल्या वेळी येतील ते आदल्या रात्रीच ठरवा. तंबू लावायचा तर सोंडेवर, पाण्याची सोय बघून दरीत नाही. लाहार आला तर दरीच्या वाटेने खाली धावून उपयोग नाही, तो माणसापेक्षा वेगवान असतो. दरीच्या आडवं, कडेच्या चढावर जायचं. वीस-तीस मीटरची उंचीसुद्धा जीव वाचवू शकते.

दगड उडू लागले तर पाठ फिरवून पळण्याची सहज ऊर्मी येते. शास्त्रज्ञांचा सल्ला वेगळा आहे. आडोसा जवळ असेल तर मोठ्या खडकामागे, मुखाच्या विरुद्ध बाजूला लपून बसावं, पाठीवरची सॅक डोक्यावर धरावी. आडोसा नसेल तर मुखाकडे तोंड करून येणारे दगड बघावेत आणि चुकवावेत. राख पडू लागली तर नाकातोंडावर ओला रुमाल आणि डोळ्यांवर चष्मा. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू हवेपेक्षा जड असतात, वारा नसलेल्या दिवशी खळग्यांमध्ये साचतात. सडक्या अंड्याचा वास येऊन एकदम नाहीसा झाला तर वायू गेला असं समजू नये. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की वास ओळखण्याची शक्तीच बधिर होते. अशा वेळी उंच आणि वाऱ्याच्या जागी निघून जावं.

एवढं सगळं सांगून झाल्यावर एक गोष्ट जोर देऊन सांगायला हवी. या वाटेवर एकट्या माणसाला ज्वालामुखीपेक्षा हवामानाकडून कितीतरी अधिक त्रास होतो. पश्चिमेकडून येणारी हवा या उघड्या उतारांवर आदळते, उन्हाळ्यातही गारठ्याचा पाऊस आणि बर्फ येऊ शकतो, धुक्यात खुणेचे खांब दिसत नाहीत. मांगातुरुतुरूवर पूल नाही. भरल्या नदीतून तिघंचौघं एकमेकांना धरून पार होऊ शकतात, एकट्याला तो उपाय नाही. पाणी उतरेपर्यंत हटमध्ये थांबणं हाच एकट्याचा मार्ग, आणि म्हणून त्याच्याकडे एका दिवसाचं जादा अन्न आणि परतीच्या तिकिटात सैलपणा हवा. माझ्या मते एकट्याच्या तयारीत हा सैलपणा बुटांइतकाच महत्त्वाचा आहे.

बाकी गोष्टी साध्या आहेत आणि त्या टाळणाऱ्यांचं मला खरोखर आश्चर्य वाटतं. घरच्या किंवा ओळखीच्या एका माणसाकडे वाटेचा आराखडा आणि ‘अमुक वेळेपर्यंत निरोप आला नाही तर कळवा’ असा स्पष्ट निरोप ठेवावा. प्रत्येक हटमध्ये वही असते, तिथे मुक्काम केला नाही तरी नाव, तारीख आणि पुढचा टप्पा लिहावा. शोधपथक सगळ्यात आधी तीच वही उघडतं. मोबाइलच्या भरवशावर राहू नये. उपग्रहामार्फत संकटाचा संदेश देणारा बीकन भाड्याने मिळतो. तो सॅकच्या तळाशी न ठेवता अंगावर ठेवावा, कारण पडल्यावर सॅकपर्यंत हात पोचेलच असं नाही.

वाइहोहोनूला थांबाल तर जवळचा जुना लाल हट बघायला जा. १९०४ च्या सुमाराचा आहे, पन्हाळी पत्र्याचा, आणि त्याच्या दुहेरी भिंतींमध्ये थंडी अडवायला प्यूमिस भरलेला आहे. प्यूमिस म्हणजे वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, हलका ज्वालामुखी दगड. ज्या उद्रेकांनी ही माळरानं उजाड केली, त्यांचाच दगड भिंतीत घालून कुणीतरी उबदार खोली केली. अशा ठिकाणी अर्धा दिवस घालवायला हरकत नाही, तो सुरक्षित जागेवर आहे.

ही वाट शिखरावर जात नाही, ती डोंगराच्या कमरेतून फिरते. त्यामागे भूगोल आहे, तसाच एक करारही. १८८७ साली न्गाती तुफारेतोआ जमातीचे प्रमुख होरोनुकू ते हेउहेउ तुकिनो चौथे यांनी तोंगारिरो, रुआपेहू आणि न्गाउरुहोए यांची शिखरं ब्रिटिश राजसत्तेकडे सोपवली, आणि त्यातून न्यूझीलंडचं पहिलं राष्ट्रीय उद्यान उभं राहिलं. दीर्घकाळ याला दान म्हटलं गेलं. माओरींच्या तक्रारी ऐकणाऱ्या वाइतांगी न्यायाधिकरणाने २०१३ च्या अहवालात मात्र म्हटलं, की प्रमुखांच्या मनात मालकी सोडून देणं नव्हतं, शिखरांचं रक्षण दोघांनी मिळून करण्याची भागीदारी होती. माओरींसाठी ही शिखरं पूर्वज आहेत. शिखरांवर चढू नका आणि तळ्यांच्या पाण्याला हात लावू नका, अशी विनंती आज उद्यानाचं खातंही करतं. एकट्याने चालणाऱ्याला ही विनंती पाळायला काहीच गमवावं लागत नाही. ज्या शिखराला स्पर्श करू नये असं सांगितलं जातं, तेच शिखर दगड फेकण्याच्या टप्प्यातलं सगळ्यात धोक्याचं ठिकाण आहे, आणि खालून फिरणाऱ्या वाटेवर त्याचं रूप चारही दिशांनी वेगळं दिसतं: पूर्वेकडून उघडं आणि भाजलेलं, दक्षिणेकडून बीच वृक्षांच्या दाट जंगलावर उभं राहिलेलं, पश्चिमेकडून धबधब्यांच्या कड्यांनी वेढलेलं.